मत्स्यकन्येचा गळा

हान्स अँडरसनची मत्स्यकन्येची गोष्ट १८३७ सालची. राजपुत्राच्या ओढीने सागरकन्या पाय मागते आणि मोबदल्यात चेटकीण तिची जीभ कापून घेते. मुले चित्रातल्या शेपटीकडे पाहतात. गाणे शिकविणाऱ्या माणसाचे मन मात्र त्या जिभेपाशी अडते. तिच्याइतका गोड गळा सागरात दुसरा नव्हता, असे कथाकार सांगतो. तो गळा गेला, हे चित्रात दाखवावे कसे?

हा प्रश्न घेऊन गेल्या हिवाळ्यात मी बालाघाट जिल्ह्यातील लामत्यास उतरलो. तेथे सासरी असलेली माझी एक विद्यार्थिनी या कथेवर मुलांसाठी पदे रचीत आहे. चाली माझ्या, चित्रकार तेवढा हवा होता. जवळ पाणी म्हणाल तर वैनगंगेचे. समुद्र शेकडो मैल दूर.

प्रथम गाठले पाट्या रंगविणाऱ्याचे दुकान. त्याने बघता बघता एक रूपवती उभी केली. चेहरा रविवर्म्याच्या छापील तसबिरीतला, केस सिनेमातले, खाली खवले. हात सफाईचा, पण बाई फोटोला बसल्यासारखी! पुढे मूर्तिकाराकडे गेलो. तो धानाच्या पेंढ्यावर माती लिंपीत होता. मान वर न करता त्याने विचारले, "गुरुजी, खालचा मासा कोणता? रोहू की कटला?" अँडरसनला हे कोणी विचारले नसावे. मला तो प्रश्न फार आवडला. पाटनगढला जा, असेही त्यानेच सुचविले.

नैनपूर, मंडला करीत दिंडोरी जिल्ह्यातील या गावी पोहोचलो. येथले परधान म्हणजे गोंडांचे भाट. बाना नावाचे गजाने वाजवायचे तंतुवाद्य घेऊन बडा देवाला आळवावे, यजमानांच्या कुळकथा गाव्यात आणि मिळेल त्या दानावर घर चालवावे, ही त्यांची वृत्ती. आपल्या शामराव हिवाळ्यांनी व्हेरियर एल्विन यांच्यासमवेत या मुलखात राहून परधानांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो १९४६ साली निघाला. पुढे यजमानच ओढगस्तीला आले आणि दान आटले. १९८०च्या सुमारास जगदीश स्वामिनाथन यांच्या भारत भवनाच्या मंडळींना याच गावात भिंती रंगविणारा एक तरुण आढळला. तो जनगढसिंह श्याम. ते भोपाळला गेले, मागून नातलग गेले आणि गाणाऱ्यांचे कूळ चित्रकारांचे झाले. प्रत्येकाची ठिपक्यारेघांची भरण निराळी. आपण तानेवरून घराणे ओळखतो, तसा जाणकार येथे भरणीवरून हात ओळखतो. जनगढ २००१ साली जपानात, घरापासून दूर, वारले.

याच गावच्या भज्जू श्याम यांनी २००९ साली चेन्नईच्या तारा बुक्ससाठी मत्स्यकन्येचीच कथा चितारली आहे. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. योगायोग म्हणा, पण ज्यांच्या वाडवडिलांचा गळा हेच पोटाचे साधन होते, त्यांच्यापैकीच एकाकडे ही कथा जावी, हे मला फार लागले. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले, तेव्हा माझ्या वडिलांची राजवाड्यावरची बैठकही उठली. त्यांनी शिकवण्या धरल्या आणि आमची घरे चालली. मात्र पहाटेचा खर्ज हळूहळू थांबला, तो मी आईच्या तोंडूनच ऐकला आहे.

पाटनगढला चित्रशाळा म्हणजे सारवलेली ओसरी. एक तरुणी जमिनीवर कागद पसरून बसली होती. कथा तिला मी हिंदीतून सांगितली. तिने रोहूच काढला. शेपटी ठिपक्यांनी भरली, हात भरले, केसांत शेवाळ विणले. गळ्याची जागा तेवढी कोरी ठेवली. भरायची राहिली का, असे विचारता तिने मानेनेच नाही म्हटले.

ते चित्र आता आमच्या वर्गात आहे. त्या ओळीशी मी चाल थांबविली आहे. एक आवर्तन कोणी गायचे नाही, नुसता तंबोरा.