शी-शू शिकवणारी बाहुली घेताना

मूल दोन-अडीच वर्षांचे झाले की घरात एक प्रश्न हमखास निघतो : हे आता डायपर कधी सोडणार? बालवाडीच्या बाई विचारतात, आजी टोमणा मारते आणि आई मनातल्या मनात डायपरच्या पाकिटांचा हिशेब करत राहते. अशा वेळी कोणीतरी मोबाईलवर एक बाहुली दाखवते. तिला बाटलीने पाणी पाजले की ती शू करते. छोट्या भांड्यावर बसवली की पाणी सोडल्याचा आवाज येतो, गाणे वाजते. काही बाहुल्या तर शू लागल्याचे तोंडाने सांगतातही, अर्थात इंग्रजीत. यांतल्या मोठ्या, परदेशी बाहुल्यांची किंमत काही हजारांच्या घरात असते. घ्यावी का? आणि घ्यायचीच तर कोणती?

सरळ सांगायचे तर बाहुली मुलाला शिकवत नाही. मूल बाहुलीला शिकवते आणि शिकवता शिकवता स्वतः शिकते. एवढे लक्षात ठेवले की दुकानातल्या निम्म्या बाहुल्या आपोआप बाद होतात. जी बाहुली सगळे स्वतःच बोलते आणि स्वतःच करते, तिच्यात मुलाला करण्यासारखे काही उरत नाही.

शू करणारी बाहुली ही काही नवी कल्पना नव्हे. अमेरिकेत १९३०च्या दशकातच 'डाय-डी बेबी' आणि 'बेट्सी वेट्सी' या बाहुल्या निघाल्या होत्या. एका बाजूने पाणी पाजायचे, दुसऱ्या बाजूने दुपटे ओले. पण तेव्हा ते केवळ खेळणे होते. शिकवण्यासाठी तिचा नेमका उपयोग केला तो रिचर्ड फॉक्स आणि नेथन अझ्रिन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी. १९७३ मध्ये त्यांनी २० ते ३६ महिने वयाच्या ३४ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी चार तासांत ही मुले दिवसा स्वतःहून भांड्यावर जाऊ लागली, असे त्यात नोंदवले आहे. पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक आले आणि ते घरोघरी गेले. त्यांच्या पद्धतीत मूल आधी बाहुलीला पाणी पाजते, तिची चड्डी खाली करते, तिला बसवते, शू झाली की शाबासकी देते, भांडे रिकामे करते. मग तेच सगळे स्वतः करते.

मात्र या चार तासांना भुलून जाऊ नये. तिथे शिकवणारी माणसे तयार होती, एका मुलामागे एक माणूस सलग बसले होते आणि बाहुली हा त्या पद्धतीचा एक भाग होता. आपल्या घरी आई एका हाताने भाकरी थापते आणि दुसऱ्या हाताने मुलाला धरते. तिला चार तास कोण देणार? शिवाय त्या पद्धतीत चड्डी ओली झाली की मुलाला पुन्हा पुन्हा भांड्यापर्यंत नेऊन सराव करून घ्यायचे असे होते. पुस्तक वाचून घरी हे करू पाहणाऱ्या पालकांना मुलांच्या रडारडीला तोंड द्यावे लागले.

त्याआधी, १९६२ मध्ये, टी. बेरी ब्रेझल्टन या बालरोगतज्ज्ञाने दुसरी बाजू मांडली होती. आपल्याकडे आलेल्या ११७० मुलांच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासून तो म्हणाला की मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबा, घाई करू नका. त्याच्या मुलांनी दिवसाची शी-शू सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांच्या सुमारास सांभाळली. आजही बहुतेक डॉक्टर त्याच वाटेने जातात.

ही तयारी ओळखायची कशी? मूल दोन-दोन तास कोरडे राहते. शी येताना कोपऱ्यात जाऊन उभे राहते किंवा पडद्यामागे लपते. ओले झालेले त्याला नकोसे वाटते. चड्डी खाली-वर करता येते. 'चप्पल आण', 'इथे बस' असे सांगितलेले कळते. साधारण दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान ही लक्षणे दिसू लागतात. काहींना तीन वर्षेही लागतात. नवे भावंड येणार असेल, घर बदलायचे असेल, मूल आजारातून उठले असेल, तर महिनाभर थांबावे. पावसाळ्यातही नको, असे माझे स्वतःचे मत; चड्ड्या वाळत नाहीत आणि आईचा धीर आधी सुटतो.

येथे आजीचा एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. 'आम्ही तर सहा महिन्यांच्या पोराला पायांवर बसवून शू करायला लावत होतो, बाहुल्या कसल्या आणता?' पाय लांब करून बाळाला पावलांवर बसवायचे आणि 'शूऽऽ' असा आवाज काढायचा, ही आपली जुनी रीत चांगलीच आहे. कपडे वाचतात, बाळाचे अंग कोरडे राहते. पण त्या वेळी शू कधी येणार हे ओळखते ती आजी. दोन-अडीच वर्षांचे शिकणे वेगळे. आता हे मुलाने ओळखायचे असते, थोडे धरून ठेवायचे असते, सांगायचे असते आणि योग्य जागी सोडायचे असते. बाहुलीचा उपयोग होतो तो या दुसऱ्या टप्प्यात.

बाहुली आपल्या घरासारखी हवी

बाजारातली बहुतेक अशी बाहुली कमोडवर बसते. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी भारतीय पद्धतीचे शौचालय आहे आणि वस्तीतल्या अनेकांना सार्वजनिक शौचालयात जावे लागते. बाहुली एका पद्धतीने बसली आणि मुलाला दुसऱ्या पद्धतीने उकिडवे बसवले, तर या वयाच्या मुलाला ती एकच गोष्ट आहे हे कळत नाही. म्हणून घेण्याआधी बाहुलीचे पाय हलवून पाहा. गुडघ्यात वाकून ती उकिडवी बसते का? घरात प्लॅस्टिकचे छोटे भांडे वापरणार असाल, तर बाहुली त्याच्यावर बसेल एवढी तरी असावी. आणि कमोड असेल तर मुलाच्या पायाखाली पाट द्या. पाय लोंबकळत असले की पोटाला जोर देता येत नाही आणि शी अडते.

या बाहुल्यांबरोबर कागदाचा छोटा रोल मिळतो. आपण पाण्याने धुतो. मग त्या खेळात तांब्या किंवा मग आपण ठेवायचा. बाहुलीला धुवायचे, मुलींना पुढून मागे धुवायला शिकवायचे म्हणजे शीतले जंतू शूच्या जागी जात नाहीत, आणि मग साबणाने हात. आणखी एक गोष्ट खेळात घालावीच : भांडे शौचालयात ओतायचे. 'लहान मुलाची शी, तिचे काय एवढे' म्हणून ती मोरीत किंवा घरामागे टाकली जाते. पण जुलाब, कावीळ, टायफॉइड पसरवणारे जंतू लहानांच्या शीतही असतात. बाहुलीचे भांडे मुलाने दहा वेळा शौचालयात ओतले की अकराव्या वेळी स्वतःचे ओतायचे त्याला सांगावे लागत नाही.

बाहुली मुलगा की मुलगी, हेही पाहा. शरीराचे अवयव दाखवणाऱ्या बाहुल्या मिळतात. 'पॉटी स्कॉटी' आणि 'पॉटी पॅटी' ही अमेरिकेतली जोडी प्रसिद्ध आहे. पुष्कळ पालकांना संकोच वाटतो. माझ्या मते संकोच सोडावा. शू कुठून येते हे मुलाला दिसते आणि अवयवाचे नाव सहज घेता येते. उद्या कुणी नको तिथे हात लावला, तर नाव ठाऊक असलेले मूल सांगू शकते. अशी बाहुली मिळाली नाही तरी अडत नाही.

रंगाचीही गोष्ट आहे. दुकानातल्या बहुतेक बाहुल्या गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या. अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या दशकात काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुतेकांनी गोरी चांगली म्हटली, काळी वाईट. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालापर्यंत हा अभ्यास पोचला. आपल्या मुलाने जिला 'माझ्यासारखी' म्हणायचे, ती सावळी असली तर बरे.

सुरक्षिततेबद्दल

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते नसेल तर स्वस्त असली तरी घेऊ नका. डब्यावर ०-३ आकडे आणि काट मारलेला चेहरा असेल, तर त्याचा अर्थ तीन वर्षांखालील मुलासाठी नाही. बुटांची बटणे, चमचा, बाटलीचे टोपण असले सुटे भाग लहान मूल आधी तोंडातच घालते.

सगळ्यांत जास्त भीती बटणासारख्या चपट्या बॅटरीची. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजते. म्हणून बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होणारेच हवे. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, सकाळची वाट पाहू नका, एक्स-रे होईल अशा रुग्णालयात तडक जा. इंटरनेटला किंवा मोबाईलला जोडलेली बोलकी बाहुली तर नकोच. 'माय फ्रेंड केयला' नावाच्या अशा बाहुलीवर जर्मनीत फेब्रुवारी २०१७ मध्ये बंदी आली, कारण घरातले बोलणे ती गुपचूप बाहेर पोचवू शकत होती.

पाणी पिणाऱ्या बाहुलीच्या पोटात पाणी साचून राहते आणि काळी बुरशी धरते. रोज उलटी धरून पिळा, उन्हात वाळवा. आत फक्त साधे पाणी. दूध, सरबत, खीर काही नाही. उघडताच प्लॅस्टिकचा उग्र वास मारणारी बाहुली दुकानातच परत करा.

इतके सगळे जमणार नसेल तर जुन्या मऊ साडीची चिंधीची बाहुली करा. ती उकिडवी बसते, सावळी होते आणि तिला चड्डीही शिवता येते. शू आपण तोंडाने म्हणायची आणि चमचाभर पाणी भांड्यात ओतायचे. मुलाला तेवढे पुरते.

खेळताना काय ऐकू येते

एका शेजारणीने अशीच बोलकी बाहुली आणली. दुसऱ्या दिवशी तिची मुलगी बाहुलीला भांड्यावर आपटून ओरडत होती : 'शी! घाणेरडी! पुन्हा केलेस तर बघ!' शेजारीण हसली आणि मग गप्प झाली. ते शब्द तिचेच होते.

बाहुली घ्यावी ती खरे तर एवढ्यासाठी. आपण मुलाशी या बाबतीत कसे बोलतो ते ती परत ऐकवते. आपल्या भाषेत तर 'शी' हा मुलाच्या विष्ठेचा शब्द आणि किळस आल्यावर तोंडून निघतो तोही 'शी'च. मुलाला कसे कळावे की आपल्या पोटातून आलेल्या गोष्टीचे नाव घेतले जात आहे की आपल्याला नाक मुरडले जात आहे? ज्याला शीसाठी मार किंवा शरम मिळते, ते मूल शी धरून ठेवते. धरलेली शी आतड्यात सुकून कडक होते. ती बाहेर येताना दुखते, कधी रक्त येते. मग ते आणखी धरते. काही आठवड्यांत आतडे ताणले जाते, भरल्याची जाणीव कमी होते आणि कडक गोळ्याच्या बाजूने पातळ शी चड्डीत झिरपू लागते. आईला वाटते मुद्दाम करतो; प्रत्यक्षात त्याला कळतही नसते.

म्हणून खेळात बाहुलीची चड्डीही कधीतरी ओली होऊ द्यावी. 'झाली का? चल, पुसून टाकू, दुसरी घालू' एवढेच म्हणावे. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, तेव्हा दोघांना पाच मिनिटे बसवावे. झाली तर शाबास, नाही झाली तरी उठावे. बरोबर ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, पपई आणि भरपूर पाणी. दूध मात्र दिवसभर बाटलीने चालू ठेवू नये. त्याने पोट भरते, जेवण राहते आणि शी कडक होते.

रात्री अंथरूण ओले करणे हा वेगळा विषय आहे. पाच वर्षांपर्यंत ते वाढीचाच भाग समजतात. त्यासाठी बाहुलीही नको आणि रागही नको. पण चार वर्षांनंतरही दिवसा कोरडे राहता येत नसेल, कोरडे राहणारे मूल अचानक पुन्हा ओले करू लागले असेल, शू करताना जळजळ होत असेल, मुलाची शू थेंब-थेंब किंवा जोर देऊन होत असेल, शी करताना रक्त येत असेल, तर बालरोगतज्ज्ञाला दाखवावे.

मूल शिकले की एक दिवस बाहुली कोपऱ्यात पडते. बॅटऱ्या काढून घ्या, पोटातले पाणी पूर्ण पिळा, साबणाने धुऊन चांगली वाळवा आणि चाळीतल्या पुढच्या दोन वर्षांच्या पोराकडे पाठवा. पोटात बुरशी दिसली तर मात्र कोणाला देऊ नका.