फोडणी देण्याआधी वाट्या काढून ठेवा

घरात कुणाला रक्तदाब किंवा मधुमेह निघाला की रुग्णाच्या आधी त्याच्याबरोबर आलेली सून किंवा पत्नी विचारते, "डॉक्टर, आता यांच्यासाठी वेगळे काय करायचे?" प्रश्न काळजीचा असतो, पण त्यात दमणूकही असते. सकाळी मुलांचे डबे, नोकरीवर जाणाऱ्याचा डबा, सासऱ्यांचे अळणी, बाळाचे मऊ. आणि हल्ली बऱ्याच घरांत एखादे कुत्रे असते, त्याचे निराळे. एका बाईने पाच स्वयंपाक करावेत ही अपेक्षा चार दिवस टिकते. पाचव्या दिवशी पथ्य सुटते.

म्हणून माझे उत्तर ठरलेले आहे. वेगळे काही करू नका. रोजचाच कुकर लावा, फक्त मीठ आणि फोडणी उशिरा घाला.

कुकरच्या एका डब्यात दोन वाट्या तांदूळ, दुसऱ्यात एक वाटी तूर किंवा मूगडाळ चिमूटभर हळद घालून, आणि तिसऱ्यात लाल भोपळा, दुधी किंवा गाजराच्या फोडी. यात मीठ, हिंग, कांदा, लसूण काही नको. तांदळाच्या प्रथिनांत जे कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते तांदळात, त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ली की शरीराला उत्तम प्रथिने मिळतात. आपल्या आज्यांना हे पुस्तकातून कळले नव्हते, पण वरण-भाताची जोडी त्यांनीच जमवली. कुकर उतरला, वरण घोटले, की आधी बाळाची, रक्तदाबवाल्यांची आणि कुत्र्याची वाटी काढून ठेवायची. मग उरलेल्याला हवी तशी फोडणी द्या.

बाळाच्या वाटीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण येथे फार गल्लत होते. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे. दवाखान्यात आठ-नऊ महिन्यांचे अशक्त मूल घेऊन आलेली आई सांगते, "डाळीचे पाणी रोज देतो की." अहो, पाण्यात काय असणार? डाळ तळाशी राहते आणि ती मोठी माणसे खातात! बाळाला घट्ट वरण, मऊ भात, कुस्करलेला भोपळा आणि वर चमचाभर तूप द्या. चमच्यावरून ओघळून जाईल इतके पातळ नको. घरात अंडे चालत असेल तर नीट उकडलेले, कुस्करलेले अंडेही द्यावे. पहिल्या वर्षात मीठ-साखर घालण्याची गरज नसते. मध मात्र वर्षाच्या आत अजिबात चाटवू नये. त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे क्वचित, पण जिवावर बेतणारा आजार होतो.

आता आजोबांची वाटी. एस.टी.तून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे येतात. गोळ्या वेळेवर, तरी रक्तदाब १७०/१०० च्या खाली येईना. सून बिचारी त्यांची भाजी निराळी, अळणी करीत असे. सगळे चमचमीत जेवताहेत आणि आपल्या ताटात आजाऱ्याचे जेवण, याचा त्यांना अपमान वाटे. मग संध्याकाळी कोपऱ्यावर शेव आणि भजी. मी सुनेला एवढेच विचारले, "मिठाचा एक किलोचा पुडा घरात किती दिवस पुरतो?" म्हणाली, "वीस-बावीस दिवस." घरात माणसे पाच.

हा हिशोब प्रत्येकाने करून पाहावा. मोठ्या माणसाला दिवसाला सगळे मिळून ५ ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तोही काठोकाठ नव्हे. पाच जणांचे दिवसाला २५ ग्रॅम. म्हणजे किलोचा पुडा निदान ४० दिवस पुरला पाहिजे. शिवाय लोणचे, पापड, फरसाण, पाव यांतले मीठ पुड्याच्या बाहेरचे! पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतेच. "सैंधव चालेल ना?" असे हमखास विचारतात. सैंधव हेही मीठच. कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

त्या घरात आम्ही असे ठरवले की आजोबांना वेगळे काढायचे नाही, सगळ्या घरानेच मीठ कमी करायचे. आजोबांच्या वाटीत लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, आले, कोथिंबीर. तीन-चार आठवड्यांत जीभ सरावते, हा माझा अनेक रुग्णांतला अनुभव आहे. त्यांची शेवही कमी झाली, कारण आता सगळ्यांचे ताट एकसारखे दिसू लागले. गोळ्या त्याच ठेवल्या आणि रक्तदाब हळूहळू आटोक्यात आला. (गोळ्या मनाने बंद करू नका, हे येथेच सांगून ठेवतो.)

मधुमेह्यांनी याच कुकरमधला भात मोजून घ्यावा, वरण आणि भाजी वाढवावी. ज्वारीची भाकरी चांगली, पण तिने साखर वाढतच नाही ही समजूत खोटी आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डाळीचे प्रमाण डॉक्टर सांगतील तेवढेच ठेवावे.

राहिली कुत्र्याची वाटी. मी माणसांचा डॉक्टर, पण पशुवैद्यक मित्रांकडून जे कळले ते सांगणे जरूर आहे. रविवारी मटणाचा रस्सा उरला की भाकरी कुस्करून कुत्र्यापुढे ठेवायची आपल्याकडे पद्धत. त्या रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. शिजवल्याने हा दोष जात नाही. त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी जनावर मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस होते. मांजराला तर कांदा याहून थोडा पुरतो. दुसरे म्हणजे द्राक्षे आणि बेदाणे. आपल्या सांगली-तासगाव भागात बेदाण्याला काय तोटा! शिऱ्यातले, प्रसादातले बेदाणे लाडाने कुत्र्याला घालतात. काही कुत्र्यांची मूत्रपिंडे त्याने निकामी होतात आणि कोणत्या कुत्र्याला किती बाधतील हे आधी सांगता येत नाही. चिंचेबाबतही आता हीच सावधगिरी सांगतात, म्हणजे आमटीही बाद. चॉकलेट नको. मधुमेह्यांसाठी आणलेल्या साखरविरहित गोळ्यांत झायलिटॉल असेल तर त्या कुत्र्याच्या तोंडी लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. शिजलेली हाडे टोकदार तुटून आतड्यात रुततात, तीही नकोत.

फोडणीआधी काढलेला वरण-भात आणि भोपळा कुत्र्याला चालतो, पण पुरत नाही. त्यात उकडलेले अंडे किंवा बिनहाडाची, बिनमिठाची कोंबडी हवी. वाढत्या पिलाला कॅल्शियम लागते, ते किती हे पशुवैद्यकाने सांगावे. नाही तर हाडे कच्ची राहतात.

मांजराचे गणित निराळे. ते पक्के मांसाहारी. दूध-पोळीवर वर्षानुवर्षे ठेवलेल्या मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य मिळत नाही आणि त्यापायी दृष्टी जाते, हृदय कमजोर होते. मोठ्या मांजरांना दुधाने बहुधा जुलाबच होतात. घरात मासे-मांस होत नसेल तर मांजरांसाठीचे तयार खाद्य आणलेले बरे.

उरलेल्या भाताचे एक. सकाळचा भात ओट्यावर तसाच ठेवून रात्री फोडणी देतात. शिजवूनही न मरणारे काही जंतू त्या कोमट भातात वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. फोडणीच्या भातानंतर सारे घर उलट्यांनी आडवे होते ते बरेचदा यामुळे. भात दोन तासांच्या आत पसरून गार करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर बेतानेच लावावा. आंबलेला भात किंवा बुरशी आलेली पोळी कुत्र्याला घालू नये, त्यालाही विषबाधा होते.