पान वळले, पण कोणत्या बाजूला?

भोर-वेल्ह्याच्या मावळात ऐन पावसाळ्यात पावसाने दडी मारली की खाचरातल्या भाताची पाने दुपारी सुरळीसारखी गुंडाळतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. या पानांच्या वरच्या बाजूला फुग्यासारख्या मोठ्या पेशींच्या ओळी असतात. पाणी कमी पडले की त्या पिचकतात, वरची बाजू आखडते आणि पान मिटते. उघडा पृष्ठभाग घटल्यामुळे बाष्पोत्सर्जनही घटते. तेव्हा पान वळणे हा प्रत्येक वेळी रोगच असतो असे नाही.

अंगणात कुंडीत किंवा तेलाच्या जुन्या डब्यात लावलेल्या मिरचीची पाने आखडली, की मात्र घरात लगेच 'बोकड्या' किंवा 'चुरडामुरडा' हा शब्द उच्चारला जातो आणि मिळेल ते औषध फवारले जाते. खरे तर या एका नावाखाली तीन-चार निरनिराळी दुखणी येतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. शिवाय ही मिरची आपण खाणार असतो.

पहिली पाहणी भल्या सकाळी करावी. दुपारी वळलेली पाने सकाळी उघडलेली दिसली, तर झाड तहानलेले आहे. वेल्ह्याच्या जुलैतल्या पावसात याच्या उलट घडते. डब्याचे भोक बुजून माती चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि पाण्यात उभे असूनही झाडाला पाणी शोषता येत नाही. तारेने भोक मोकळे करणे हाच तिथे उपचार.

सकाळीही पाने वळलेलीच असतील, तर शेंड्याची कोवळी पाने पाहावीत. ट्रेसिंग कागदाचा तुकडा पाण्यावर अलगद ठेवा. ओली झालेली खालची बाजू फुगते आणि कागद वर वळतो. पानाचेही तसेच आहे. ज्या बाजूची वाढ खुंटते, त्या बाजूला ते वळते. पिवळा कोळी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतो, म्हणून पानाच्या कडा खाली वळतात, पान उपड्या होडीसारखे दिसते आणि देठ लांबतो. हा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, त्यामुळे दहापट मोठे दाखवणारे भिंग हवेच. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नव्हे, आणि म्हणून कित्येक कीटकनाशके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात.

कडा वर वळल्या असतील, तर संशय फुलकिड्यांवर घ्यावा. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला की सुमारे एक मिलिमीटर लांबीचे, दोऱ्याच्या तुकड्यासारखे पिवळसर जीव पळताना दिसतात. मिरचीवरच्या या जातीचे शास्त्रीय वर्णन हूड यांनी १९१९ साली केले, तेही भारतातल्याच नमुन्यांवरून. फुलकिड्यांना कोरडी हवा मानवते, कोळ्यांना उबदार दमट. त्यामुळे नसरापूर-कापूरहोळकडे उन्हाळ्यात पहिला संशय फुलकिड्यांवर आणि वरंधा घाटाच्या बाजूला पावसाळी दमटपणात कोळ्यांवर घ्यायला हरकत नाही. निर्णय मात्र भिंगानेच करावा.

विषाणूमुळेही पाने वर वळतात, पण तेव्हा नवी पाने अगदी बारीक, शिरांमधला भाग पिवळट आणि सारे झाडच खुजे राहते. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. अशा झाडाला औषध नाही. शेजारच्या कुंड्यांसाठी ते उपटून टाकावे.

फुलकिड्यांसाठी ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून त्यात चिमूटभर साबण घालावा आणि पानांच्या खालून फवारावे. कोळ्यांसाठी आधी शेंडे खुडावेत, मग पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन-तीन ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारावे. कडक उन्हात गंधकाने पाने करपतात. झुरळांचा फवारा मिरचीवर कधीही मारू नये.

एकदा वेडीवाकडी वाढलेली पाने औषधानंतरही सरळ होत नाहीत. गुण आला की नाही, हे दहा-पंधरा दिवसांनी फुटलेल्या नव्या पानांवरून ठरवावे.