चिठ्ठीतला प्रश्न, फोटोतले उत्तर

रायपूरहून धमतरीकडे निघाले की वाटेत अभनपूर लागते. राजिमचा लोहमार्ग येथूनच जातो. जुन्या नॅरोगेजच्या जागी आता ब्रॉडगेजचे रूळ आले असून 30 मार्च 2025 रोजी अभनपूर-रायपूर गाडीही सुरू झाली. मोठ्या तपासणीसाठी शहर गाठणे सुकर झाले खरे. पण रुग्णाच्या खिशातली डॉक्टरांची चिठ्ठी नीट नसेल, तर तो प्रवास निम्मा वाया जातो.

चिठ्ठीवर नुसते ‘छातीचा फोटो’ एवढेच लिहिले, तर क्ष-किरणतज्ज्ञाने काय करावे? सावली दिसते, एवढे तो सांगेल. ती बऱ्या झालेल्या क्षयाचा वण आहे की नव्या रोगाची खूण, हे एकट्या चित्रावरून ठरविणे पुष्कळदा कठीण असते. याउलट ‘तीन आठवडे खोकला, संध्याकाळी ताप, पूर्वी क्षयावर उपचार’ अशी एक ओळ आणि सोबत जुनी फिल्म असली, की दोन्ही चित्रे शेजारी ठेवून काय बदलले ते त्याला पाहता येते.

तज्ज्ञाकडूनही असाच प्रतिसाद हवा. पित्ताशयातील खड्यांच्या संशयावरून कोणी थेट सी. टी. स्कॅन मागितला, तर ‘आधी सोनोग्राफी करू’ असे डॉक्टरांना कळविणारा तज्ज्ञ रुग्णाचा पैसा वाचवितो आणि अनावश्यक किरणांपासूनही त्याला दूर ठेवतो. फुप्फुसाभोवती हवा साठून श्वास कोंडत असेल, तर लेखी अहवालाची वाट पाहणे जिवावर बेतेल. तेथे दूरध्वनीच उचलला पाहिजे.

या दोघांचा स्नेह पैशाच्या पाकिटावर मात्र उभा नसावा. रुग्ण पाठविल्याबद्दल दलाली देणे-घेणे भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनी निषिद्ध ठरविले. बोलीत ‘कट’ म्हणतात ती हीच. महाराष्ट्र शासनाने 2017 साली तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही करविला होता. दलालीवर जुळलेल्या नात्यात तपासणी कोठे करावी, हे रुग्णाच्या गरजेवरून ठरत नाही.

वाचकहो, आपणही यात थोडा हातभार लावू शकता. जुन्या फिल्म व अहवाल एका लिफाफ्यात तारीखवार ठेवावेत. गर्भारपणाची शक्यता असल्यास किरणांपूर्वीच सांगावे. शिरेतून औषध टोचून फोटो काढावयाचा असल्यास मूत्रपिंडाचा विकार किंवा औषधाची ॲलर्जी लपवू नये. आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर आपला दूरध्वनी क्रमांक लिहाल का?’