औषधाचा देहांतर्गत मार्ग : तोंडावाटे घ्यावयाच्या इन्सुलिनच्या निमित्ताने

गिळलेली गोळी पुढे कोठे जाते हे कोणी पाहिलेले नसते. नव्या औषधाच्या मानवी चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात हा मार्ग अनुमानानेच रेखाटावा लागतो. मोजक्या व्यक्तींना, त्यांच्या लेखी संमतीने, अल्प मात्रा देतात. ठरलेल्या वेळी हाताच्या शिरेतून रक्त घेतात आणि रक्तद्रवातील औषधाचे प्रमाण काळानुसार मांडतात. या आलेखाच्या चढावरून शोषणाचा वेग कळतो, उतारावरून औषधाचे विघटन व उत्सर्जन. प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणाऱ्या काळास अर्धायुकाल म्हणतात.

इन्सुलिनच्या बाबतीत मात्र हा आलेख फसवा ठरू शकतो. बंगळूर येथील बायोकॉन या कंपनीने २००६ मध्ये नोबेक्स या अमेरिकी कंपनीकडून आयएन-१०५ हे तोंडावाटे घ्यावयाचे इन्सुलिन मिळविले. इन्सुलिन हे प्रथिन असल्याने पचनसंस्था त्याचे इतर अन्नाप्रमाणेच तुकडे करते. म्हणून त्याच्या रेणूला एक लहान रासायनिक शृंखला जोडली होती, आणि आतड्यातून ते शोषले जावे यासाठी गोळीत सोडियम कॅप्रेट मिसळले होते. आतड्यातून शोषलेले द्रव्य प्रथम यकृतात जाते. स्वादुपिंडाच्या नैसर्गिक इन्सुलिनचाही मार्ग हाच असून त्याचा जवळजवळ निम्मा भाग यकृत पहिल्याच फेरीत काढून घेते. साहजिकच हाताच्या रक्तात उरते ते शेष. आलेख ठेंगणा दिसला म्हणून औषध निष्फळ, असे म्हणता येत नाही. शिवाय शरीराचे स्वतःचे इन्सुलिनही त्याच रक्तात असते. म्हणून इन्सुलिनच्या अभ्यासात आणखी एक युक्ती योजतात : शिरेतून ग्लुकोज सोडत रक्तशर्करा एकाच पातळीवर राखावयाची, आणि त्यासाठी किती ग्लुकोज लागले यावरून औषधाचे कार्य मोजावयाचे. येथे मार्गाऐवजी परिणामाचाच माग काढला जातो.

तथापि मार्ग कळला म्हणजे गुण आला असे नव्हे. भारतात झालेल्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये जाहीर झाले. दीर्घकालीन रक्तशर्करेचा निर्देशक असलेले एचबीए१सी घटविण्याचे मुख्य उद्दिष्ट साधले नव्हते. औषधहीन गोळी घेणाऱ्यांतही अनपेक्षित सुधारणा दिसली होती. जेवणानंतरच्या शर्करेवर मात्र परिणाम आढळला. पुढे ट्रेगोपिल या नावाने ओळखल्या गेलेल्या या रेणूचे संशोधक पुन्हा पहिल्या टप्प्याच्या अभ्यासांकडे वळले. त्यांत गोळी आणि जेवण यांतील अंतर, दोन जेवणांमधील काळ व जेवणाचा प्रकार यांची तपासणी झाली. औषध जेवणाआधी घ्यावे की नंतर, हा आपल्या वैद्यांचा जुनाच प्रश्न. येथे तो मिनिटांत मोजला गेला.