कॉस्मेटिक सर्जरी करायची आहे? चंद्रपूर-गडचिरोलीकरांनी आधी या ५ गोष्टी तपासा

केस गळतात, नाक बसकं वाटतं, पोटाची चरबी हटत नाही. अशा कारणांसाठी कॉस्मेटिक सर्जरीचा विचार करणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या लोकांना सहसा नागपूर गाठावं लागतं. ही शस्त्रक्रिया तातडीची नसते. म्हणजे तयारीला वेळ असतो. त्या वेळात काय तपासायचं?

१. सिकलसेलची तपासणी झाली आहे का?

पूर्व विदर्भात आदिवासींसह इतर समाजांतही हा आनुवंशिक आजार आढळतो. यात ऑक्सिजन कमी पडला की लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. शस्त्रक्रियेच्या वेळी थंडी, शरीरातलं पाणी किंवा ऑक्सिजन कमी होणं यामुळे हा धोका वाढतो. वाहकांना सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकच नसतं. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करा आणि अहवाल भूलतज्ज्ञांना दाखवा.

२. खर्रा खाता का?

लपवू नका. तंबाखूतल्या निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. जखम उशिरा भरते, टाक्यांजवळची त्वचा मरूही शकते. शिवाय सुपारीमुळे काहींचं तोंड पूर्ण उघडत नाही. अशा वेळी पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. शस्त्रक्रियेच्या किमान ४ आठवडे आधी खर्रा, विडी, सिगारेट बंद करा. नंतर किती दिवस टाळायचं, तेही विचारा.

३. शस्त्रक्रिया नेमकं कोण करणार?

प्लास्टिक सर्जनकडे एमसीएच किंवा डीएनबी (प्लास्टिक सर्जरी) ही पदवी असते. हेअर ट्रान्सप्लांट प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञही करतात. यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे पडताळता येतो.

४. घरी परतल्यावर त्रास झाला तर?

रक्त साकळणं, जंतुसंसर्ग किंवा पायात गुठळी होणं हे त्रास काही दिवसांनीही होऊ शकतात. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे. पर्लकोटेच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे. त्यामुळे टाके निघेपर्यंत नागपुरात राहण्याची सोय होते का, ते पाहा. शक्यतो भर पावसाळा टाळा. उन्हाळ्यात केली तर व्रण उन्हापासून जपा, नाहीतर डाग गडद होतो.

५. पैसे कोण देणार?

निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना मात्र वेगळी मानली जाते. अस्वलाच्या हल्ल्यात चेहरा फाटला असेल, तर ती दुरुस्ती 'हौस' नव्हे. जखमींसाठी वनविभागाकडून मदत मिळते, त्यासाठी हल्ल्याची माहिती लगेच वनविभागाला द्या. विमा किंवा सरकारी योजना लागू होते का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयात विचारा. सौंदर्य शस्त्रक्रियेचा खर्च लेखी घ्या. भूल, औषधं, तपासण्या आणि गरज पडल्यास दुसरी शस्त्रक्रिया त्यात धरली आहे का, ते पाहा.

यातले आजार, व्यसन आणि अंतराचे प्रश्न चांगला डॉक्टर स्वतःहून विचारतो. पहिल्याच भेटीत आगाऊ रक्कम मागितली आणि यातलं काहीच विचारलं नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय तारीख ठरवू नका.