जखम भरते, मुदत थांबत नाही

गेल्या आठवड्यात या सदरात मांडीचे हाड मोडल्यानंतर करावयाच्या व्यायामांविषयी लिहिले होते. ते वाचून काही वाचक शंका विचारायला दवाखान्यात आले. त्यांतील एका गृहस्थांची शंका मात्र व्यायामाची नव्हती. "डॉक्टर, हाड पुरते जुळेपर्यंत अपघाताच्या भरपाईचा अर्ज थांबवून ठेवला तर चालेल ना?" असे त्यांनी विचारले.

चालणार नाही, हे त्याचे उत्तर. ते सर्वांसाठी लिहिण्याचे कारण असे की, हाच प्रश्न पूर्वी एकदा मला विचारला गेला होता आणि त्या वेळी मी चुकीचे उत्तर दिले होते.

ते रुग्ण जवळच्या खेड्यातून रोज पहाटे शहरात दूध घालायला येत. वय पन्नाशीच्या आसपास. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या मोटारसायकलला मागून टेम्पोची धडक बसली. मांडीचे हाड आणि गुडघ्याची वाटी मोडली. मी मांडीत सळई घातली. परंतु हाड जुळेना, म्हणून काही महिन्यांनी कमरेच्या हाडाचा चुरा तेथे भरून दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. पहिल्याच महिन्यात त्यांच्या मुलाने भरपाईच्या कागदांविषयी विचारले होते. मी म्हणालो, "आधी वडिलांचा पाय नीट होऊ द्या. कोर्टकचेरी कुठे पळून जाते?"

फेब्रुवारी २०२५ मध्ये काठी टेकत ते स्वतः आले. पायात कायमचे किती व्यंग राहिले हे त्यांना लेखी हवे होते. कागद घेऊन ते वकिलांकडे गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. "डॉक्टरसाहेब, वकील म्हणतात अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा होता." उपचारासाठी त्यांनी दोन म्हशी विकल्या होत्या. त्यांनी मला दोष दिला नाही. पण सल्ला माझाच होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

मुदत कशासाठी?

अपघाताची आठवण ताजी असते तेव्हा साक्षीदार सापडतात, वाहन ओळखता येते, इस्पितळातील नोंदी हाताशी असतात. काही वर्षांनी साक्षीदार गाव सोडतात, वाहन विकले जाते, कागद गहाळ होतात. शिवाय ज्याच्यावर दावा करायचा त्याच्या मानेवर जन्मभर टांगती तलवार ठेवणेही न्यायाचे नाही. म्हणून प्रत्येक प्रकारच्या दाव्याला कायद्याने मुदत घातली आहे.

अडचण अशी की, ही मुदत बहुधा अपघाताच्या दिवसापासूनच मोजतात. रुग्ण खाटेवर पडून असतो, घरचे लोक रक्त आणि औषधे यांच्या धावपळीत असतात, त्याच काळात दिवस संपत जातात. उपचार पूर्ण होण्याची किंवा पोलिसांनी केलेल्या खटल्याचा निकाल लागण्याची कायदा वाट पाहत नाही.

रस्त्यावरील अपघात

येथे लोकांचा मोठा गैरसमज आहे आणि त्याला कारणही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात भरपाईच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत होती. १९९४ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. त्यानंतर जवळजवळ २७ वर्षे मुदतच नव्हती. म्हणून चहाच्या टपरीवर बसलेला जाणता माणूस आजही सांगतो, "अपघाताच्या केसला मुदत नसते, सावकाश करा." त्या काळापुरते ते खरे होते. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ मध्ये सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. उशीर माफ करण्याची सोयही त्या पोटकलमात ठेवलेली नाही.

या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, त्या याचिका प्रलंबित असेपर्यंत केवळ सहा महिने उलटले या कारणावरून कोणाचा अर्ज फेटाळू नये. ज्यांची मुदत गेली असेल त्यांनी हा आदेश लक्षात ठेवून वकिलांना विचारावे, हातपाय गाळून बसू नये. परंतु अंतरिम आदेश म्हणजे मोडलेल्या हाडाला तात्पुरती बांधलेली फळी. तिच्या भरवशावर कोणी चालायला लागत नाही. नव्या अपघातग्रस्ताने सहा महिने हीच मुदत धरून चालावे.

अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावयाचा असतो. अपघात परजिल्ह्यात झाला तरी अर्जदार जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणात तो करता येतो. मृत्यू झाला असल्यास वारस अर्ज करू शकतात. एस.टी. बसच्या अपघातालाही हाच मार्ग आहे. पोलिसांनीही तीन महिन्यांच्या आत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो आणि तो अहवाल भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. तो गेला की नाही याची ठाण्यात चौकशी करावी, पण निव्वळ त्यावर विसंबू नये.

ठोकरून पळालेले वाहन सापडलेच नाही, तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करावी.

कामावर आणि रेल्वेत

कारखान्यात बोट तुटले, बांधकामाच्या परातीवरून मजूर पडला, मालकाच्या ट्रकवरील चालक जखमी झाला, तर भरपाईसाठी दोन वर्षांची मुदत आहे. १९२३ च्या कायद्यात ती तशी होती आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही दोन वर्षेच आहेत. मात्र अपघाताची सूचना मालकाला शक्य तितक्या लवकर द्यायची असते आणि ती लेखी असावी. "शेठ बघतील" या शब्दावर दोन वर्षे कशी निघून जातात हे मी अनेकदा पाहिले आहे. ज्यांचा राज्य कामगार विमा आहे त्यांनी त्या कार्यालयाकडे जावे, त्यांची व्यवस्था वेगळी आहे.

रेल्वे अपघातासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. त्याची मुंबई व नागपूर येथे खंडपीठे आहेत. तेथे मुदत एक वर्षाची. उशिराचे सबळ कारण दाखवता आले तर ते अर्ज नंतरही घेऊ शकते.

दवाखान्यातील चूक

माझ्याच व्यवसायाविषयी हे लिहिणे अवघड आहे, पण ते टाळणे बरे नव्हे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. सर्वांना विनामूल्य सेवा देणारी रुग्णालये त्यात येत नाहीत. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. पटण्याजोगे कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो.

पण दोन वर्षे कोणत्या दिवसापासून? २०१० मधील सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल यासाठी समजून घेण्यासारखा आहे. एका परिचारिकेच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया १९९३ मध्ये मुंबईत झाली. त्यानंतर तिचे पोट अधूनमधून दुखत राहिले. २००२ मध्ये तपासणीत पोटात गाठ दिसली आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत गॉजचा तुकडा निघाला. तिने २००४ मध्ये तक्रार केली. न्यायालयाने तत्त्व सांगितले ते असे: त्रास लगेच उघड होणारा असेल तर मुदत त्या वेळेपासून चालू होते. तो लपून राहणारा असेल तर चूक कळली त्या दिवसापासून, किंवा साधारण दक्षता घेतली असती तर ज्या दिवशी कळली असती त्या दिवसापासून. ही रुग्ण स्वतः परिचारिका. इतकी वर्षे दुखत असूनही ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे परत गेली नाही, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली.

यात कायद्याइतकाच आरोग्याचाही धडा आहे. शस्त्रक्रियेनंतर दुखणे राहिले, ताप येत राहिला, जखमेतून पाणी येत राहिले तर अंगावर काढू नका. त्याच डॉक्टरांकडे जा, समाधान झाले नाही तर दुसऱ्यांना दाखवा आणि प्रत्येक वेळी लेखी कागद घ्या. बहुतेक वेळा दुखण्याचे कारण साधे निघते. पण वेळीच केलेल्या तपासणीने जीव वाचतो आणि हक्कही राहतो.

इतर अपघात आणि लहान मुले

शेजाऱ्याची भिंत अंगावर पडणे, उघड्या वायरीचा झटका बसणे अशा प्रसंगी दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो. त्याला साधारणतः तीन वर्षे मिळतात. पण मृत्यू झाल्यास १८५५ च्या कायद्याखालील दाव्याला मृत्यूच्या तारखेपासून दोनच वर्षे आहेत आणि काही दाव्यांना त्याहूनही कमी. सरकारवर दावा करायचा तर बहुधा आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणून "तीन वर्षे आहेत" असे मानून स्वस्थ बसू नये.

अज्ञान मुलाच्या बाबतीत दिवाणी दाव्याची मुदत तो १८ वर्षांचा झाल्यावर मोजण्याची सवलत १९६३ च्या मुदत कायद्यात आहे. परंतु ती दाव्यांसाठी आहे. न्यायाधिकरणाच्या अर्जांना ती लागेलच असे धरू नये. आईवडिलांनी मुलाच्या वतीने लगेच अर्ज करावा हे उत्तम.

अर्ज आधी, पूर्ण हिशेब नंतर

"अजून दुसरी शस्त्रक्रिया व्हायची आहे, खर्च किती येईल कोण जाणे, मग आताच अर्ज कसा करायचा?" ही शंका रास्त आहे. पण अर्ज दाखल करायला पाय बरा झालेला असावा लागत नाही. पुढील बिले आणि कायमच्या व्यंगाविषयी डॉक्टरांचे मत सुनावणीच्या वेळी देता येते. आणखी एक गोष्ट. पायात शेकडा ३० व्यंग राहिले म्हणजे कमाईही शेकडा ३० घटली असे नव्हे. कारकुनाची कमाई तितकी घटत नाही, हमालाची पुरती बुडू शकते. न्यायाधिकरण पाहते ते कमाईचे नुकसान. म्हणून आपण कोणते काम करत होतो याचा पुरावाही जपावा. दूध घालणाऱ्याने डेअरीचे पुस्तक जपावे.

पहिल्या दिवसापासून घरातील एका माणसाने एक फाईल करावी. तिच्यात पोलिसांच्या पहिल्या खबरीची प्रत, पंचनामा, जखमांचा दाखला, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची व प्रवासाची बिले आणि वाहनाचा क्रमांक असावा. इस्पितळात दाखल करताना अपघाताची तारीख, वेळ व तो कसा झाला हे नीट सांगावे. घाबरून "घरात पडलो" असे लिहून दिले तर पुढे ती नोंद नडते. डॉक्टरांनी आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपायची असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायची असतात, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. तेव्हा कागद मागायला संकोच करू नये. आणि तीन वर्षांनंतर ते सापडतील अशी आशाही धरू नये.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कामगार व अल्प उत्पन्न असलेले यांना तेथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. मी डॉक्टर आहे, वकील नव्हे. येथे लिहिले ते दिशा दाखवण्यापुरते. आपल्या बाबतीत कोणता कायदा व कोणती तारीख लागते हे वकिलांकडूनच पक्के करून घ्यावे, आणि ते पहिल्या महिन्यातच.

त्या दूधवाल्या रुग्णांचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. नोव्हेंबरातील आदेशानंतर त्यांच्या वकिलांनी अर्ज दाखल केला आहे. निकाल लागायचा आहे. आता माझ्या दवाखान्यात अपघाताचा रुग्ण दाखल झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी घरच्या एकाला बाजूला बोलावतो आणि केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने अपघाताची तारीख लिहून देतो. खाली सहा महिन्यांनंतरची तारीख लिहितो. टाके काढायची तारीख जशी पाठ करता, तशी हीसुद्धा करा, असे सांगतो.

पुढील आठवड्यात प्लास्टर असताना घ्यावयाची काळजी पाहू.